आत्याबाईंचा दम

"वजन किती?"

खोली भाड्याने घ्यायला आलेल्या मुलीला घरमालकाने विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, नोकरी कुठे तेही नाही. सिंगापुरातल्या पाया लेबारच्या त्या फ्लॅटच्या दारात मी बॅग घेऊन उभी होते आणि समोर अर्ध्या चड्डीतले, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, हातात लांब स्क्रू ड्रायव्हर धरलेले एक गृहस्थ मला नखशिखान्त न्याहाळत होते. क्रेनने उचलायच्या खोक्याकडे पाहावं तसे.

"अहो, मुलीला वजन काय विचारताय?" आतून एक बाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. "तू ये गं आत. त्यांना गाडीसाठी हवं असतं. चहा घेतेस ना?"

गाडीसाठी माझं वजन कशाला, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. मी पुण्याहून नुकतीच आलेली, बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात नोकरी, आणि त्याआधी पाहिलेल्या तिन्ही खोल्यांत "नो कुकिंग" ही पाटी. इथे आत फोडणी बसत होती. मी वजन सांगितलं. खरं सांगते, दोन किलो कमी सांगितलं.

"चालेल," ते म्हणाले. "पुढच्या बाकावर मधे बसशील."

असा माझा प्रवेश झाला चीफच्या घरात. काका म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं, निवृत्त झाले तेव्हा चीफ इंजिनिअर, म्हणून आख्ख्या ब्लॉकमध्ये ते चीफ. खालच्या हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधली, कॉफीवाली आंटीसुद्धा "चीफ, कोपी-ओ?" म्हणूनच विचारायची. मूळचे रत्नागिरीकडचे. नोकरी सिंगापूरच्या कंपनीत, म्हणून बिऱ्हाड इथे थाटलं आणि स्वतः समुद्रावर राहिले. काकूंनी एका बालवाडीत शिकवत मुलगी वाढवली. मुलगी आता मेलबर्नला होती आणि तिच्याच खोलीत मी.

त्या घरात हुद्दे होते. काकू कॅप्टन. मी फिफ्थ, म्हणजे इंजिनरूममधला सगळ्यात खालचा इंजिनिअर, ज्याला सगळे ओरडतात आणि जो सगळं पुसतो. सकाळी मी ऑफिसला निघाले की चीफ दारात उभे राहून हँडओव्हर द्यायचे. "न्हाणीघराचा नळ अर्धा आटा सैल आहे, जोर लावू नकोस. डावीकडची लिफ्ट कण्हतेय, उजवीने जा. कॅप्टनचा मूड जरा गरम आहे, संध्याकाळी येताना केळी आण." मी बॅग सावरत हो हो म्हणायची. हो म्हटलेलं पुरायचं नाही, परत म्हणून दाखवावं लागायचं.

त्यांचा स्क्रू ड्रायव्हर हे वेगळंच प्रकरण होतं. त्याचं टोक चालू फ्रीजला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जहाजावर असंच बेअरिंग ऐकतात म्हणे. मिक्सर, पंखा, वॉशिंग मशीन, सगळ्यांची अशी नाडीपरीक्षा व्हायची. "हा जाणार," ते गंभीरपणे जाहीर करायचे.

"मी आल्यापासून जातोय तो," काकू भाजी परतत म्हणायच्या. "त्याच्या आधी मी जाईन."

एकदा मला खोकला झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे आणि मग स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. मी खोलीत जाऊन कडी लावली.

पहिल्या रविवारी गाडी बघायला मिळाली. ब्लॉकशेजारच्या बहुमजली पार्किंगमध्ये, कोपऱ्यातल्या जागेवर, जहाजावरच्या जुन्या बॉयलर सूटचे, म्हणजे कामाच्या अंगभर डगल्यांचे, तुकडे जोडून शिवलेल्या आवरणाखाली काहीतरी आडवं पसरलं होतं. चीफनी आवरण काढलं. बदामी रंगाची, दोन जपानी गाड्या एकापुढे एक लावाव्यात एवढी लांब, क्रोमच्या दातांची अमेरिकन गाडी. तिचं नाक पांढऱ्या रेघेच्या बाहेर आलेलं होतं आणि शेजारच्या गाडीवाल्याने रोज पोट आत ओढून उतरायची सवय करून घेतली होती. मधे कुणीतरी ऑस्ट्रेलियात तिचं स्टिअरिंग उजवीकडे आणलं होतं, म्हणून ती इथे चालू शकत होती. पुढची सीट म्हणजे सलग बाक, तिघांचा.

ती घरी आली त्या दिवशी काकू म्हणाल्या होत्या, "आली का माझी नणंद!" मुलीने फोनवर हे ऐकलं आणि म्हणाली, तुझी नणंद म्हणजे माझी आत्या. तेव्हापासून ती आत्याबाई. चीफ तिला अहो-जाहो करायचे. "चला, उठा आता," म्हणत किल्ली फिरवायचे आणि इंजिन गरम होईपर्यंत गिअर टाकायचे नाहीत. थंड इंजिनला कामाला लावणं त्यांच्या मते झोपेतल्या माणसाला भांडी घासायला लावण्यासारखं होतं.

बाहेरून आत्याबाईंचा रुबाब असा की वाटावं, आता ही डरकाळी फोडून सुटणार. त्या बॉनेटखाली आठ सिलिंडर आणि जवळजवळ सात लीटरचं इंजिन. पण नाव मोठं लक्षण खोटं. एवढ्या धुडाची ताकद माझ्या ऑफिसातल्या मित्राच्या छोट्या जपानी गाडीइतकी. एक्सप्रेसवेवर शिरायच्या वेळी चीफ पाय दाबायचे, इंजिन मोठा सुस्कारा टाकायचं, आणि मग काहीच व्हायचं नाही. मागे हॉर्न. शेजारून व्हॅन, ट्रक, बस आणि एकदा तर शवपेटी नेणारी गाडीसुद्धा पुढे गेली.

"दाबा हो जरा!" काकू डॅशबोर्डला धरून ओरडायच्या.

"दाबलंय," चीफ शांतपणे म्हणायचे. "निरोप पोचतोय."

हे असं का, ते त्यांनी मला काकूंच्या प्रेशर कुकरवर समजावलं. अमेरिकेत एका काळी शहरांची हवा इतकी घाण झाली की सरकारने गाडीवाल्यांना दम भरला, धूर कमी करा. कंपन्यांना ते नीट कसं करायचं हे अजून उमगलेलं नव्हतं. मग त्यांनी जुन्याच इंजिनांचे हातपाय बांधले. सिलिंडरमधला दाब उतरवला. ठिणगी उशिरा पाडली. जळलेला वायू थोडा परत आत ढकलला. एक पंप बसवून धुराच्या नळीत ताजी हवा मारली, म्हणजे उरलंसुरलं तिथे जळावं. "हे बघ," कुकरची शिट्टी सैल धरत ते म्हणाले, "आता भात शिजेल की नाही?"

"शिजेल. वेळ लागेल."

"म्हणजे आमच्या आत्याबाई."

"मेल्यांनो, शिट्टी सोडा!" काकू म्हणाल्या. त्या दिवशी डाळ कच्ची राहिली आणि ती आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्ली.

जुन्या गाड्यांचे शौकीन सिंगापुरात बरेच आहेत. या गाड्यांना वर्षातले ठराविकच दिवस रस्त्यावर यायची परवानगी असते, त्यामुळे मंडळी ठरवून एखाद्या रविवारी पार्किंगच्या मैदानात जमतात आणि एकमेकांच्या बॉनेटखाली माना घालतात. तिथे आत्याबाई हा सगळ्यांच्या करमणुकीचा विषय. त्या काळातल्या अमेरिकन गाड्यांना शौकिनांत कुणी विचारत नाही, दमेकरी म्हणतात त्यांना. आणि कुणाकडे असलीच, तर पहिलं काम म्हणजे तो पंप आणि त्या नळ्या उचकटून फेकायच्या, इंजिन मोकळं करायचं. आत्याबाईंच्या आधीच्या मालकाने तेच केलं होतं, तेही अर्धवट. आणि चीफ उलटं करायला निघाले होते. फेकलेलं सगळं त्यांना परत बसवायचं होतं.

तिथल्या एका लाल स्पोर्ट्स गाडीवाल्या अंकलना हे ऐकून घाम फुटला. माणूस लाघवी, पण तोंड फाटकं.

"चीफ, यू क्रेझी आह? दॅट पंप एव्हरीबडी थ्रो अवे, यू गो अँड बाय? सेल टू मी लाह. आय पुट न्यू इंजिन, पॉवर डबल!"

"डबल पॉवर, देन गो व्हेअर?" चीफ म्हणाले. "टेन मिनिट्स, सिंगापूर फिनिश."

सगळे हसले, अंकलही हसले. येताना बाकावर चीफ माझ्याकडे न बघता मराठीत पुटपुटले, "गाढवाला गुळाची चव काय!" पण मला गाढवाचीच बाजू पटत होती. मी विचारलं, की चीफ, खरंच, लोक ज्या रोगावर औषध घेतात तो तुम्ही विकत का आणताय?

सिग्नल लाल होता. ते समोर बघत म्हणाले, "फिफ्थ, मी जन्मभर जहाजात डांबरासारखं तेल जाळलं. बंदरातून निघालो की मागे काळा पट्टा आकाशात. मागे वळून बघायचो नाही, बघून करणार काय? ही बाई बघ. हिने स्वतःचा दम घालवला, कशासाठी, तर रस्त्यावरच्या दुसऱ्याच्या नाकासाठी. जमलं नाही तिला नीट. पण आधी कुणीतरी वाईट पद्धतीने सुरुवात करावी लागते ना गं?"

सिग्नल हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला आणि आत्याबाई निवांत निघाल्या. मला त्या क्षणी ते गृहस्थ मनापासून आवडले.

त्याच वर्षी आत्याबाई वार्षिक तपासणीत नापास झाल्या. अर्धवट उचकटलेल्या इंजिनचा धूर मर्यादेबाहेर गेला. आता पास होईपर्यंत वर्कशॉप आणि तपासणी केंद्र सोडून रस्ता बंद. चीफ घरी येऊन गॅलरीत बसले ते जेवायलाच उठले. आणि जेवताना त्यांनी जाहीर केलं, "एकदा दुरुस्त करून परत नेईन. एकदाच. तेव्हाही नाही जमलं तर लाल गाडीवाल्याला देऊन टाकायची. मी त्याला शब्द दिलाय. न चालणारं मशीन पाळू नये, पाप लागतं."

मला वाटलं काकू म्हणतील, सुंठीवाचून खोकला गेला. पण त्यांचा घास हातातच राहिला.

त्याचं कारण मला दुसऱ्या दिवशी कळलं, गवार मोडताना. चीफची जहाजं सिंगापूरला यायची ती बहुतेक तेल भरायला. बंदराला लागायचीच नाहीत, बाहेर समुद्रात नांगर टाकून काही तास थांबायची, तेल घ्यायची आणि निघून जायची. आणि तेल भरून घेणं ही चीफ इंजिनिअरची जबाबदारी. खलाशी एखादवेळी किनाऱ्यावर पळून येतील, पण चीफला डेक सोडता यायचा नाही. घर डोळ्यांसमोर आणि उतरायची सोय नाही. जहाज कंपनीच्या एजंटचा फोन आला की काकू मुलीला काखोटीला मारून बस पकडायच्या, आणि माउंट फेबरची टेकडी पायी चढून समुद्राकडे बघत उभ्या राहायच्या. चीफ तिकडून टेकडीकडे बघायचे. दोघांमध्ये अख्खं बंदर.

"निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, तू एवढ्या वेळा चालत चढलीस, आता तुला राणीसारखी गाडीतून वर नेतो," काकू म्हणाल्या. "ही गाडी त्याच्यासाठीच घेतली गं. बाक सलग आहे, शेजारी बसता येतं म्हणून. पण यांचं आपलं, आधी इंजिन ठणठणीत होऊ दे, आजारी बाईला चढावर नेणार नाही. झालं! बसले पंप शोधत." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "मला हवंय गं जायला. त्यांच्यासमोर म्हणत नाही, डोक्यावर बसतील."

तेव्हापासून मीही त्या धुराच्या मागे लागले.

सामान मिळवायची चीफची पद्धत जगावेगळी होती. ऑनलाइन मागवणं त्यांना मान्य नव्हतं, वस्तू हाताळलेल्या माणसानेच ती आणली पाहिजे. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आता जगभरच्या जहाजांवर सेकंड नि चीफ झाली होती. त्यांना निरोप गेले. मग अमेरिकेच्या कुठल्या कुठल्या बंदरात आपली मराठी पोरं सुट्टीच्या तासात कपडे-परफ्यूम घ्यायचं सोडून भंगारवाड्यात शिरायला लागली. घरी एकेक पाहुणा उगवायचा. चिपळूणचा एक सेकंड इंजिनिअर बॉयलर सूटमध्ये गुंडाळलेला हवेचा पंप बाळंतिणीच्या बाळासारखा घेऊन आला. दुसऱ्याने एक झडप आणली ती मोज्यात घालून. काकू प्रत्येकाला माशाचं कालवण वाढायच्या आणि पोरं सांगायची, विमानतळावर बॅग उघडायला लावली, चीफ, आणि त्यांना हे काय ते सांगता सांगता आमच्या नाकी नऊ आले.

मग शनिवार-रविवार आम्ही पार्किंगमध्ये. तिथे हत्यार चालवायला परवानगी नाही, त्यामुळे मोठं काम ओळखीच्या वर्कशॉपमध्ये आणि नळ्यांची मापं, साफसफाई, स्वप्नं पाहणं इथे. मी टॉर्च धरायची. पहिल्या महिन्यात मला शिव्या मिळाल्या, दुसऱ्यात बढती मिळाली, मी फोर्थ झाले. पंप बसला. झडप बसली. इंजिन सुरू केलं तेव्हा ते आधीपेक्षाही सुस्त झालं होतं, आणि चीफच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर फक्त नव्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिला.

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र चीफमधला जहाजी जागा झाला.

जहाजावर तपासणी करणारा सर्व्हेअर यायचा असला की एक रिवाज असतो. सगळं रंगवायचं. पाइप, पंप, कठडे, जे हलत नाही त्याला रंग आणि जे हलतं त्याला तेल. नव्या रंगाचा वास आला की सर्व्हेअरला इंजिनरूम तरुण वाटते. आणि त्याला भरपेट जेवायला घालायचं. चीफनी उष्णता सोसणारा चंदेरी रंग आणला आणि आम्ही दोघांनी मिळून इंजिनच्या धुराच्या नळ्या रंगवल्या. दोन हात दिले. अशा झगमगल्या की त्यात तोंड दिसावं. काकूंनी सर्व्हेअरसाठी बटाटेवडे केले.

सकाळी आम्ही तिघं निघालो. तपासणी केंद्रातला मुलगा कोवळा, हसरा, गळ्यात ओळखपत्र. काकूंनी डबा पुढे केला.

"आंटी, कॅनॉट लाह," तो दोन पावलं मागे सरकला. "आफ्टर पीपल से व्हॉट?"

"ओन्ली वडा," काकू म्हणाल्या.

त्याने हात जोडले आणि आत्याबाईंना आत घेतलं. ब्रेक पास. दिवे पास. मी नखं खात होते. आता धूर. त्याने नळीत यंत्राचं तोंड खुपसलं आणि चीफना इंजिन वाढवायला सांगितलं. इंजिन तापलं. आणि बॉनेटच्या फटीतून एक निळसर पांढरी रेघ वर आली. मग दुसरी. मग बॉनेटच्या चारी कडांनी असा धूर सुटला की वाटावं आत कुणी होम पेटवलाय.

"फायर! अंकल, फायर!" मुलगा अग्निशामक नळकांडं घेऊन धावला. शेजारच्या रांगेतले लोक पळाले. काकूंनी मला धरलं.

"नो फायर! पेंट! ओन्ली पेंट!" चीफ गाडीतून उतरून बॉनेटवर आडवे झाले, दोन्ही हात पसरून. कुणी ती पांढरी पूड आत्याबाईंवर मारू नये म्हणून.

खरंच फक्त रंग होता. असा रंग पहिल्यांदा तापला की धुमसतोच, एकदा भाजून निघाला की गप्प बसतो. जहाजावर इंजिन दिवसचे दिवस चालतं, सर्व्हेअर येईपर्यंत रंग कधीच भाजून निघालेला असतो. गाडीचं इंजिन घरापासून केंद्रापर्यंत चालतं, हा हिशोब जन्मभर इंजिनं सांभाळलेल्या माणसाच्या लक्षात आला नाही. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं.

धूर विरल्यावर मुलगा म्हणाला, "अंकल, लाइक धिस आय कॅनॉट टेस्ट. यू टेक आउट फर्स्ट—" तो खोकला. "टेक आउट, कम बॅक."

चीफ गाडी बाहेर घेऊन आले आणि फूटपाथच्या कडेला बसले. मिशांना चंदेरी रंग लागला होता. कुणालाही हसू आलं असतं, मला आलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला.

"कुणाला लावताय?" काकूंनी विचारलं.

"लाल गाडीवाल्याला. शब्द दिलाय. एकदाच म्हणालो होतो."

काकूंनी डबा माझ्या हातात दिला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. एवढा चढलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तो मुलगा काय म्हणाला? परत या म्हणाला ना? परत या म्हणजे नापास नव्हे. जन्मभर तुम्ही परत येतो म्हणून जात होतात, मी केलं होतं तुम्हाला नापास? उठा! भाजा तो तुमचा रंग!"

चीफ उठले. मी त्यांना एवढ्या चटकन उठताना पाहिलं नव्हतं.

मग आम्ही त्या औद्योगिक वसाहतीत फेऱ्या मारायला लागलो. काचा खाली, एसी बंद, बॉनेटमधून धूर, बाकावर तिघं, मधे मी, मांडीवर वडे. फॅक्टऱ्यांचे पहारेकरी उठून उभे राहायचे. एका बांगलादेशी कामगारांच्या ट्रकने आमच्या शेजारी वेग कमी केला आणि मागे बसलेल्या सगळ्यांनी ओरडून सांगितलं, भाई, आग लगा है! काकूंनी त्यांना हात केला आणि हिंदीत म्हणाल्या, "आग नहीं, रंग है! वडा खाओगे?" पुढच्या सिग्नलला अर्धा डबा ट्रकमध्ये गेला. हळूहळू रेघ बारीक झाली, मग नुसता वास उरला, मग तोही गेला. उरलेले वडे आम्ही चीफना भरवले, कारण ते स्टिअरिंग सोडायला तयार नव्हते.

दुसऱ्यांदा मुलाने नळकांडं जवळच ठेवलं. इंजिन वाढवलं. बॉनेट गप्प. पडद्यावरचे आकडे वर चढले, थबकले, आणि खाली येत येत मर्यादेच्या बरेच खाली जाऊन बसले. मुलाने यंत्राला टिचकी मारून पाहिली. मग बॉनेट उघडायला लावून आत वाकला आणि पंपाकडे बोट दाखवलं.

"अंकल, धिस वन एव्हरीबडी रिमूव्ह. यू व्हाय कीप?"

एरवी चीफनी त्याला अमेरिकेची हवा, कुकर आणि काळा पट्टा सगळं ऐकवलं असतं. पण आज ते एवढंच म्हणाले, "फॉर यू लाह."

त्याला काही कळलं नाही. पण त्याने पासचा शिक्का मारला, आणि काकू फूटपाथवर, भर दुपारी, चीफना मिठी मारून रडल्या. मी पण रडले. लाल गाडीवाल्या अंकलना मी स्वतः फोन करून कळवलं. "वा लाऊ! पास आह?" ते ओरडले, आणि मग पंधरा मिनिटं ते अभिनंदनच करत होते.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही माउंट फेबरला निघालो. मी म्हणत होते तुम्ही दोघंच जा, पण काकू म्हणाल्या, आम्ही दोघंच गेलो तर वाटेत भांडू. काकूंनी मोरपंखी साडी नेसली होती. एक्सप्रेसवेवर नेहमीसारखी सगळ्या जगाने हॉर्न वाजवत आमची मागून आरती केली. टेकडीच्या पायथ्याशी आल्यावर मी हळूच एसीचं बटण शोधायला लागले, म्हटलं तेवढाच भार कमी.

"हात काढ," चीफ म्हणाले.

चढ सुरू झाला. मी पायाची बोटं आवळून बसले होते. आणि आत्याबाईंनी मला तोंडघशी पाडलं. ना सुस्कारा, ना धाप. सपाट रस्त्यावर ज्या वेगाने चालतात त्याच वेगाने, एसी चालू ठेवून, तीन माणसं घेऊन त्या वर निघाल्या. चीफचा पाय जेमतेम टेकलेला. आमच्या पुढे एक नवीकोरी छोटी गाडी गिअर बदलत किंचाळत होती आणि तिला आमच्यासाठी बाजू द्यावी लागली.

"पळ आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," चीफ म्हणाले. "पळ काढून घेतला हिचा. जोराला कुणी हात लावला नव्हता."

"चढाकडे बघा," काकू म्हणाल्या, पण त्यांचा हात चीफच्या मांडीवर होता.

वर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आम्ही कठड्याशी जाऊन उभे राहिलो. खाली बंदराच्या क्रेन, पुढे सेंतोसा बेट आणि त्याच्या पलीकडे समुद्रात नांगर टाकलेली जहाजं, लहान लहान, एकाशेजारी एक, क्षितिजापर्यंत. चीफ त्या टेकडीवर पहिल्यांदाच उभे होते. हे माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. ते बराच वेळ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले.

"अगं," शेवटी त्यांनी विचारलं, "इथून तुला कळायचं, माझं कुठलं ते?"

"छे हो! इथून काय कळणार? सगळी सारखीच दिसतात." काकू हसल्या. "कुठल्यातरी एकाला हात करायचे. ज्याला केला, ते तुमचं."

चीफनी चष्मा पुसला, परत घातला, आणि उजवा हात वर करून अगदी डावीकडच्या जहाजाला हात केला. मग त्याच्या शेजारच्याला. मग त्याच्या पुढच्याला, एकही न गाळता. जहाजं भरपूर होती, वेळ लागत होता. काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहून वाट बघत होत्या.